सात सेकंदांचा उशीर

"विघ्नेश, स्पंज अजून घट्ट दाब! नाहीतर गाडीबरोबर चित्रही नाचेल!"

"दाबतोय ना! आता माझा अंगठाच आत राहील!"

रोवेनाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गाठ मारली आणि कॅमेरा लेस्टरदादाच्या रेसकारवर पक्का बसला. कॅमेरा कसला, मम्मीचा काच तडकलेला जुना मोबाइल! तो प्लास्टिकच्या खाऊच्या डब्यात बसवला होता आणि त्याच्याभोवती ॲल्रॉयच्या तुटक्या स्लिपरचा स्पंज कोंबला होता. मे महिन्याच्या सुट्टीतले दहा दिवस तिघांनी नंदाखाल गावातल्या रोवेनाच्या घरी या डब्यापायी घालवले होते. रोवेना आणि विघ्नेश आठवीतले, एकाच वर्गातले. ॲल्रॉय तिचा मावसभाऊ, सहावीतला, पण तोंडाने दहावीतला!

रोवेनाचा मोठा भाऊ लेस्टर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मित्रांबरोबर वर्षभर खपून त्याने ही गाडी बनवली होती. आज गास गावाजवळच्या मैदानावर सहा कॉलेजांच्या गाड्यांची शर्यत होती, आणि लेस्टरच्या गाडीतून दिसणारा रस्ता भल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना थेट दिसणार होता.

"एकच भानगड आहे," विघ्नेश म्हणाला. "चित्र सात सेकंद उशिरा पोहोचतं."

"मग काय झालं? मी हरलो तर तेवढंच उशिरा कळेल!" लेस्टरने हसत हेल्मेट चढवलं.

सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. रोवेना मंडपात लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर रस्ता भन्नाट धावू लागला, टाळ्या पडल्या. आणि केळीच्या बागेजवळच्या वळणावर चित्र एकदम उसळलं! दुसऱ्या फेरीला तिथेच, आणखी जोरात. तिसऱ्या फेरीला तर पडद्यावर नुसतं आभाळ दिसलं. रोवेना मान वळवून बघते तो दादा केव्हाच वळण पार करून पुढे आला होता.

"अहो, फुकटातला कॅमेरा! उड्या मारणारच!" आयोजक फर्डिनंड अंकल माइकवरून म्हणाले. सगळा मंडप हसला. रोवेनाचे कान तापले.

"पण एकाच जागी का उडतो?" ती पुटपुटली.

"कॅमेरा नाही उडत," ॲल्रॉय म्हणाला. "गाडी उडतेय!"

तिघं वळणाकडे पळत सुटले. तिथे रस्त्यावर आडवा, हातभर रुंदीचा पट्टा बाकीच्या मातीहून गडद दिसत होता. चाकांखाली तो मधोमध खचला होता. ॲल्रॉयने काठी खुपसली. काठी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली!

"कालच खनलाय तो," कुंपणापलीकडून लूर्डसआजी म्हणाल्या. बाग त्यांचीच होती. "पान्याचा पाइप टाकला, नि वर नुसती माती लोटली. मी म्हटलं, चोपा तरी! तर हसले मला."

सरावाला एकच गाडी होती, तीही बेताच्या वेगाने. शर्यतीत सहा गाड्या सुसाट येणार होत्या.

"अंकल, तो चर खचतोय!" मंडपात येताच रोवेना धापा टाकत म्हणाली.

"बुजवलाय तो, बाळा. मी स्वतः सांगितलंय बुजवायला."

"पण तुम्ही बघितलंत का?"

"पाहुणे आलेत, मला उभं राहायला वेळ नाही! जा, सरबत घ्या."

सुरुवातीच्या रेषेवरच्या झेंडेवाल्या काकांनी त्यांना आयोजकांकडे पाठवलं. आयोजकांकडूनच तर ते आले होते! रोवेना रडायच्या बेतात होती. मोठ्या माणसांच्या त्या गर्दीत तिचा आवाज कुणाच्याच कानापर्यंत पोहोचत नव्हता.

शेवटी तिघं लेस्टरकडे धावले. तो गाडीत बसला होता, पट्टे आवळलेले.

"दादा, नको जाऊस!"

सगळं ऐकून लेस्टरचा चेहरा उतरला. "मी थांबलो तर म्हणतील घाबरला. आणि बाकीचे पाच जण तरी जाणारच ना, रोवी?"

रोवेनाने गाडीवरच्या डब्याला हात लावला. मग म्हणाली, "कॅमेरा दे."

"आत्ता? कशाला?"

"दे ना!"

लेस्टरने तिच्याकडे पाहिलं आणि हात लांबवून गाठ सोडली. डबा विघ्नेशच्या हातात पडला. तो आणि ॲल्रॉय वळणाकडे वाऱ्यासारखे पळाले. रोवेना लॅपटॉपकडे परतली. पडदा काळा होता. मधोमध एक गोल नुसता फिरत होता.

"आमचे बालशास्त्रज्ञ कुठे गायब झाले?" माइकवर अंकल वैतागले. "असो! एमिली टीचर, करा सुरुवात!"

प्रमुख पाहुण्या एमिली टीचर, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, झेंडा घेऊन पुढे आल्या. सहा इंजिनं गर्जली. झेंडा वर गेला. तो खाली आला की गाड्या सुटणार!

गोल फिरतच होता. मुलं पोहोचली असतील? की नेटवर्क गेलं? रोवेना मनात आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन... करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पाच... सहा...

पडदा उजळला! केळीची पानं, आभाळ, मग माती. ॲल्रॉयने मातीत मूठ रोवली. मनगट गेलं. कोपर गेलं. पार खांद्यापर्यंत हात आत गेला! बाजूची माती ढासळली आणि खाली काळा पाइप उघडा पडला.

मंडपात कुणीतरी किंचाळलं. टीचर दचकून वळल्या, झेंड्याचा हात खाली येऊ लागला...

"टीचर! हात खाली आणू नका!" रोवेना खुर्च्या पाडत धावली. "वरच ठेवा! खाली आणलात तर गाड्या सुटतील!"

टीचरांनी हात तसाच धरला. झेंडेवाले काका गाड्यांसमोर आडवे झाले. एकेक इंजिन बंद पडत गेलं. शेवटचं बंद झालं तेव्हा कुठे टीचरांनी हात खाली घेतला आणि रोवेना मटकन जमिनीवर बसली.

फर्डिनंड अंकल वळणापर्यंत चालत गेले. चरात पाय घातला, तो गुडघाभर रुतला. परत आले तेव्हा पँटला चिखल होता आणि हातात माइक नव्हता.

"पोरांनो," ते म्हणाले, "बघून यायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. चूक माझी."

"आणि ज्याला आपण सगळे हसलो," एमिली टीचर म्हणाल्या, "त्याच डब्याने आज सहा घरं वाचवली. शाब्बास!" त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. लेस्टरने रोवेनाचा हात घट्ट धरून ठेवला.

रस्त्याच्या कामावरचा रोलर आला. चर नीट भरला, चोपला गेला. चार वाजता टीचरांनी झेंडा रोवेनापुढे धरला. "आता सुरुवात तू कर."

"करते, टीचर," रोवेना म्हणाली. "पण आधी आम्ही सगळा रस्ता चालून बघणार."

कुणी हसलं नाही. तिघं निघाले, पावलापावलाला टाचा आपटत. केळीच्या बागेजवळ रोवेनाने मागे वळून पाहिलं. सहाही चालक हेल्मेट काखेत मारून त्यांच्या मागून चालत होते आणि त्यांच्यासारख्याच टाचा आपटत होते. सगळ्यात मागे होते फर्डिनंड अंकल.