घराला बसलेलं

ते घर आम्ही पसंत केलं ते उजेडापायी. वरचा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा एक लांब पॅसेज. पॅसेजच्या एका टोकाला झोपायची खोली, मध्ये स्वयंपाकघर, त्याच्यासमोर खाली जाणाऱ्या जिन्याचं उघडं तोंड, आणि दुसऱ्या टोकाला नुसती भिंत. खिडकी नाही, खुंटी नाही, काहीच नाही. नवरा म्हणाला, "इथे अजून एक खोली काढायची असणार, तेवढ्यात पैसे संपले असणार." आम्ही दोघं हसलो. घरमालक हसले नाहीत.

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. खाली एकटेच राहायचे. उभं आयुष्य एका मोठ्या गोदामाचे व्यवस्थापक म्हणून काढलेलं, त्यामुळे कुठल्याही वस्तूला कुणी हात लावला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. भाडं वेळेवर पोचलं की मी त्यांची 'सूनबाई' असे आणि खर्चाचा विषय निघाला की 'मॅडम'.

आमची ठमी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिचं डावं पाऊल आत वळायचं. हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, वाट पाहू, बहुतेक आपोआप सुधारेल, नाहीतर बूट देऊ. 'बहुतेक' या शब्दावर मी किती रात्री काढल्या ते माझं मला माहीत. तिच्या चालण्याचा एक ठेका होता, एक पाऊल टेकायचं आणि दुसरं ओढलं जायचं. टप-घस, टप-घस. काका खालून ऐकत आणि जिन्यात भेटले की म्हणत, "काय, तुमचं घड्याळ आज पहाटेच सुरू झालं?"

झोपायच्या खोलीचा उंबरा चांगला उंच होता. ठमी त्याला अडखळायची, पडायची, उठायची आणि जिन्याच्या तोंडाकडे निघायची. मी स्वयंपाकघरात बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचे. चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पण ओळीवरून बोट पुढे सरके आणि कान मात्र मागे, पॅसेजमध्ये. घस ऐकू आलं नाही की मी खुर्ची ढकलून धावायचे.

शेवटी एकदा मी काकांना गाठलं. "काका, तेवढा उंबरा काढता येईल का? आणि जिन्याला एक लहानसं फाटक?"

"येईल की, मॅडम. सुतार तुमचा, सामान तुमचं, मजुरी तुमची."

"पण घर तर तुमचं."

"म्हणूनच सांगतो. घराला बसलं ते घराचं. जाताना उचकटून न्यायचं नाही आणि त्याचे पैसेही मागायचे नाहीत. आधीच्या भाडेकरूंनाही हेच सांगितलं होतं."

"त्यांनी काय बसवलं होतं?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "भाड्याची पावती उद्या देतो," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

नवऱ्याचं उत्तर त्याहून छोटं होतं. तो विमा कंपनीत दावे तपासतो. कोणाचं म्हणणं खरं, कोणाचं खोटं, हे ठरवण्याचाच त्याला पगार मिळतो. "लोकाच्या घरात आपण खिळासुद्धा ठोकायचा नाही. आज फाटक, उद्या काका फरशी बसवा म्हणतील. थोडं लक्ष ठेव ना. तशीही तू घरीच असतेस."

ते 'घरीच असतेस' मी गिळलं. पण त्या दिवसापासून मी मुद्रितं पॅसेजमध्येच, जमिनीवर बसून तपासू लागले.

पहिल्यांदा उंबरा गेला.

गेला म्हणजे होता तिथेच होता, पण त्याची धार नव्हती. दोन्ही बाजूंनी उतार दिलेला, इतका हळुवार की डोळे मिटून पाय फिरवला तर कुठे सुरू झाला ते कळू नये. आम्ही सकाळी डॉक्टरांकडे गेलो होतो, परतलो तर हे. दुसरी किल्ली काकांकडे असते. मला गहिवरून आलं. वरून खडूस, आतून मऊ, असं मनाशी म्हणत मी खाली गेले आणि आभार मानले.

"मी?" काका दारातच ताठ झाले. "मी कशाला हात लावू? आणि मॅडम, न विचारता माझ्या उंबऱ्याला रंधा मारलात, वर आभार मानायला आलात? मी एक पैसा देणार नाही."

"आम्ही नाही केलं, काका."

"मग तर प्रश्नच मिटला. देणंही नाही, घेणंही नाही."

नवऱ्याला वाटलं, मीच माझ्या कमाईतून गुपचूप सुतार आणला. दोन दिवस तो माझ्याशी तुटक बोलला. मला वाटलं, काका खोटं बोलताहेत. काकांना वाटलं, आम्ही. प्रत्येकाकडे संशय घ्यायला एक माणूस होता, त्यामुळे तो विषय तिथेच विरला.

मग दांडा आला.

दुपार होती. ठमी झोपली होती. तिच्या अंगावर पांघरूण घालून मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, तो उतू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे बघत उभी राहिले. कप घेऊन पॅसेजमध्ये आले तेव्हा डाव्या भिंतीला, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, लाकडी दांडा बसलेला होता. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरळ. ठोकल्याचा आवाज नाही, भिंतीचा भुगा नाही, भुशाचा वासही नाही. मी हात लावला. लाकूड कोमट होतं, कुणीतरी बराच वेळ धरून आत्ताच सोडल्यासारखं. माझ्या मुठीला तो फारच बारीक होता. खालच्या अंगाला चार उथळ खाचा होत्या. ठमी जागी झाली, डोळे चोळत आली आणि जणू रोजचीच सवय असावी तसा तिने दांडा धरला. तिची चार बोटं चार खाचांत बसली.

तिला आधार लागतो तो डावीकडूनच. हे मी, नवरा आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मी लगेच जिन्याखालचं आमचं दार बघितलं. आतून कडी होती.

संध्याकाळी नवऱ्याने दांडा हलवून पाहिला. हलेना. मग म्हणाला, "काम मात्र एक नंबर आहे हं." त्याच्या आवाजात भीती नव्हती, किंमत लावणं होतं. मला तेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात जिन्याला फाटक आलं. आणि काका वर आले.

ते फाटक बघत राहिले. उघडून, मिटून पाहिलं. बिजागरी कुरकुरली नाही. एवढ्यात नवरा म्हणाला, "बघा काका, तुमच्या घराची किंमत वाढवली आम्ही. निम्मे पैसे तरी भाड्यातून वळते करा."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही केलंत?" काका म्हणाले. "मागे तर म्हणालात, आम्ही नाही केलं."

"ते उंबऱ्याचं. दांडा आणि फाटक आमचंच."

"अस्सं? मग ऐका. हे सगळं मी करून घेतलंय. पोर लहान म्हणून बोललो नाही. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल."

"काका, तुम्ही खोटं बोलताय!"

"आणि तुम्ही हरिश्चंद्राचे अवतार!"

दोघंही आवाज चढवून भांडत होते, सुताराला कुठून बोलावलं, लाकूड कुठलं, सगळं धडाधड सांगत होते. मी ठमीला कडेवर घेऊन मध्ये उभी होते. "अहो, पण मग केलं कुणी?" मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मोठ्यांच्या बोलण्यात मीच एक पोर तोंड घालतेय.

शेवटी तडजोड झाली. निम्मं श्रेय त्यांचं, निम्मं आमचं. भाडं थोडं कमी होईल, बदल्यात आम्ही वर्षभर घर सोडायचं नाही. दोघांनी हात मिळवले. खाली उतरताना काका मला 'सूनबाई' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दांडा लांबला होता.

स्वयंपाकघराच्या दारापाशी तो थांबायचा. आता तो दार ओलांडून पलीकडे गेला होता, त्या टोकाच्या कोऱ्या भिंतीपर्यंत. तिथे जायला कुणाला काही कारण नव्हतं. ठमी दांडा धरून तिकडे जायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रडायची नाही, खेळायची नाही. मी हाक मारली की मान वळवून पाहायची, ओठांवर बोट ठेवायची. ही खूण तिला कुणीच शिकवलेली नव्हती.

मी तिला उचलून आणायचे. पाठ वळली की ती परत तिथेच.

काही दिवसांनी मी मुद्रितात डोकं घालून बसले होते. अचानक काहीतरी खटकलं. चूक ओळीत नव्हती.

टप, टप, टप, टप.

घस नव्हतं.

मी वर पाहिलं. ठमी पॅसेजमधून चालत येत होती. दांड्याला हात न लावता. डावं पाऊल सरळ, उजव्याच्या जोडीला जोडी. सुंदर चालत होती. एवढी सुंदर की सव्वा वर्षाचं कुठलंही मूल चालत नाही.

खालून काकांची हाक आली. "सूनबाई, पाहुणे आलेत का कुणी? आज पावलं वेगळीच वाजतायत!"

नवरा घरी आला आणि त्याने तिला उचलून गरगर फिरवलं. मी कपाटातून बॅगा काढत होते.

"अगं, बरी झालीय ती! हेच हवं होतं ना तुला? लोक आनंदाने नाचले असते, आणि तू सामान बांधतेस?"

"आभार कुणाचे मानू, तेवढं सांग."

मग तोही पॅसेजच्या टोकाकडे बघू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "मोठी बॅग मी भरतो."

वर्ष पुरं व्हायच्या आत निघालो म्हणून काका जिन्याच्या पायथ्याशी आडवे उभे राहिले. अनामत रकमेतून कापून घेणार म्हणाले, भिंतीची भोकं बुजवायचे, रंगाचे, सगळ्याचेच. फाटक काढून नेताय का, दांडा नेताय का, बघू द्या म्हणाले. टेम्पो दारात उभा होता. ठमी माझ्या खांद्यावर मान टाकून होती. मला फक्त तिच्यासकट बाहेर पडायचं होतं.

"काका, काही नेत नाही," मी म्हणाले. "या घरात जे जे सुधारलं, ते सगळं तुमच्या घराला. आमचा कशावर हक्क नाही. झालं समाधान?"

"झालं," काका म्हणाले आणि बाजूला झाले.

दार ओलांडताना ठमी कडेवर हलकी लागली. मला वाटलं, सुटका झाली म्हणून तसं वाटत असेल.

नवीन घर लहान होतं, अंधारंही होतं. पण सपाट. मी ठमीला जमिनीवर उभं केलं. ती बसली. पुन्हा उभं केलं. ती पुन्हा बसली, अगदी शांतपणे, एखादी वस्तू खाली ठेवावी तशी.

डॉक्टरांनी दोन्ही पाय वाकवून पाहिले. "पाऊल एकदम सरळ झालंय. छानच की! चालेल हो, मुलं कधीकधी विसरतात. घाई करू नका."

ती चालली नाही. रांगलीही नाही. जिथे ठेवावं तिथे बसायची आणि कान देऊन ऐकत असल्यासारखी मान तिरकी करायची.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. मी ठमीला मांडीवर घेऊन भरवत होते. एका हाताने फोन स्पीकरवर टाकला.

"अनामत रक्कम पाठवतोय," काका म्हणाले. "पूर्ण. एक पैसा कापला नाही. तुम्हाला अजून हवे असतील तर तेही देतो."

काकांच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नसेल.

"फक्त तुमचं वर जे राहिलंय, ते घेऊन जा."

"काय राहिलंय, काका? आम्ही सगळं रिकामं करून आलो."

फोन सरकवल्याची खसखस आली. त्यांनी तो वर, छताकडे धरला असावा.

आधी नुसती शांतता होती.

ठमीने घास तोंडात धरून ठेवला. मांडीवर बसल्या बसल्याच तिने उजवा पाय उचलला आणि हवेत पुढे टाकला.

फोनमध्ये, क्षणभराने, वाजलं. टप.

मग तिने डावा उचलला.