दोनशे चौदा हरकती

सुनावणीला चाळीस मिनिटं उरली असताना शिक्केबाईंनी हरकतींचा गठ्ठा उघडला आणि वरचा कागद वाचला.

‘प्रसूतिगृह बंद करण्यास माझी संमती आहे.’

दुसरा कागद. संमती. तिसरा, दहावा, पन्नासावा. संमती. अक्षरं निरनिराळी, शाई निरनिराळी, नावं मात्र तीच. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर त्यांचा गोल शिक्का, आणि शिक्क्यातला क्रमांकही हुबेहूब त्यांच्या वळणाचा.

एकोणीस वर्षं त्या आवक खिडकीवर बसत होत्या, म्हणून अख्खी वस्ती त्यांना शिक्केबाई म्हणायची. दोनशे चौदा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं घेतले होते. सगळ्या हरकती. संमती औषधालासुद्धा नव्हती.

नियम सोपा होता. दोनशेच्या वर हरकती आल्या, तर प्रस्ताव फेरविचारासाठी वर परत जायचा. नाही आल्या, तर आज अकराला प्रसूतिगृहाला टाळं, आणि त्या इमारतीत कार्यालयाचं नवं रेकॉर्ड दालन. मग वस्तीतल्या बायकांनी कळा देत शहराचं दुसरं टोक गाठायचं. त्या बायकांत त्यांची धाकटी नणंद होती. आठवा महिना. हरकत क्रमांक एक तिचीच.

त्यांनी कागद पुन्हा कव्हरात घातले. नाडी एका झटक्यात बसली. गेल्या बुधवारी हाच गठ्ठा बांधताना त्यांना त्यावर कोपर रोवावं लागलं होतं. काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते ध्यानात येईना.

त्यांनी शिपाईमामांना गाठलं.

“मामा, गुरुवार-शुक्रवार मी रजेवर होते. माझ्या खणाची किल्ली कुठे होती? शिक्का, आवक वही, हा गठ्ठा, सगळं त्यातच होतं.”

“साहेबांच्या केबिनात, खिळ्याला. नेहमीसारखी.”

“आत कोण कोण गेलं?”

“कोण नाही गेलं ते विचारा. कप उचलायला मी, सह्या घ्यायला फूटपट्टी, आणि साहेब तर तिथलेच.”

“एखादा गठ्ठा हलवलात?”

“रोज वीस हलवतो. गाढवाला विचारू नये, बाई, पाठीवर काय लादलं होतं.”

फूटपट्टी म्हणजे हेडक्लार्क. गोड बोलणारा, महिन्यावर निवृत्ती आलेला माणूस. आत्ताही तो कुणाचा तरी चुरगळलेला अर्ज टेबलावर ठेवून त्यावरून लाकडी पट्टी फिरवत होता.

“कागद आहे की गाठोडं!” तो पुटपुटला. “लोकांना सांगून थकलो, घड्या घालू नका म्हणून. बोला बाई.”

“हरकती बदलल्यात.”

“काय सांगता! या कार्यालयात एकतीस वर्षांत नोंदीशिवाय कागद जागचा हललेला नाही. फाटका लिफाफासुद्धा मी वहीत चढवतो.”

“मग दोनशे चौदा हरकती गेल्या कुठे?”

“लोकांनी संमतीच दिली असेल.” तो मायेनं हसला. “तुम्ही वाचता थोड्याच? तुम्ही शिक्का मारता.”

साहेबांना मायेचं सोंगही जमत नव्हतं.

“मी समोरचे कागद वाचणार. ते तुमच्या ताब्यात होते. बदलले असतील तर तुम्ही बदलले. निलंबनाचा आदेश टाइप व्हायला पाच मिनिटं लागतात.”

“साहेब, लोकांना आत तरी—”

“दहा जण. बाकीच्यांना काय तमाशा दाखवायचाय?”

बातमीला पाय फुटले होते. शिक्केबाई बाहेर आल्या तेव्हा व्हरांडा माणसांनी गच्च होता आणि एकाही डोळ्यात ओळख नव्हती.

“या, या,” वस्तीचं पुढारपण करणारा शिंपी म्हणाला. “आमच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबलेत. आता गळाही शिवून टाका, सुई मी देतो!”

मागून कुणीतरी शिवी हासडली. गर्दी बाजूला सारत नणंद पुढे आली. एक हात कमरेवर.

“वहिनी, माझ्या नावानं संमती? या पोटानं मी संमती देईन? घरी बाळाला अंगडी शिवतेस आणि इथे त्याची जन्माची जागा घालवतेस?”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“दादाला विचार त्याचा आहे का! मला आत सोड. ही बघ सुनावणीची नोटीस.”

तिनं मुठीतल्या इवल्याशा पाकिटातून नोटीस ओढली आणि रागानं उलगडू लागली. अर्धी, पाव, आणखी अर्धी. आठ घड्या.

शिक्केबाई त्या कागदाकडे बघतच राहिल्या.

“तुझी हरकतही अशीच आणली होतीस ना?”

“मग काय डोक्यावर धरून आणू? विषय बदलू नकोस!”

पण वहिनी तिथे होतीच कुठे? ती रेकॉर्ड खोलीकडे धावली होती. दाराशीच रेकॉर्डची नोंदवही दोरीनं बांधलेली असे. शिक्केबाईंनी शुक्रवारचं पान काढलं. बोट एका ओळीवर थांबलं. मग त्या वहीसकट, दोरी तोडून, सुनावणीच्या खोलीत शिरल्या.

साहेब म्हणत होते, “दार लावा.”

“लावू नका, मामा.”

“बाई!”

शिक्केबाईंनी दाराशेजारचं जुनं कॅलेंडर खिळ्यावरून उचललं. मागे रंगवलेली पाटी होती, धुळीनं पिवळी पडलेली. शिंप्यानं चष्मा सरसावून मोठ्यानं वाचली, “सुनावणी सर्वांसाठी खुली. नोंदवह्या नागरिकांना पाहता येतील.” तो वळला. “साहेब, ही पाटी तुमचीच ना?”

उत्तराची वाट न पाहता व्हरांडा आत आला. साहेबांची खुर्ची भिंतीला टेकली.

शिक्केबाईंनी गठ्ठा टेबलावर सोडला.

“एकेकानं या. आपापल्या नावाचा कागद उचला आणि बघा.”

“वाचायचं काय त्यात?” नणंद फणकारली.

“वाचू नकोस. बोटं फिरव. तुझ्या आठ घड्या कुठेत?”

नणंदेनं कागद उजेडाकडे धरला. तो काचेसारखा सपाट होता.

“माझा मी टेपात गुंडाळून आणला होता,” शिंपी सावकाश म्हणाला. “हा तर इस्त्रीतला दिसतो.”

“माझा डब्याच्या झाकणाखाली होता!” मागून एक बाई ओरडली. “त्याला तेलाचा डाग होता!”

“बुधवारी मला हा गठ्ठा कोपरानं दाबावा लागला,” शिक्केबाई म्हणाल्या. “दोनशे चौदा माणसांनी खिशात, पदरात, पिशवीत कोंबून आणलेले कागद होते ते. हे कागद कुणाच्याही खिशातून आलेले नाहीत. टेबलावर लिहिलेत आणि टेबलावरच शिक्का बसलाय. नावं माझ्या वहीतून उतरवली, अक्षरं चार जणांकडून बदलून घेतली, सगळं आठवणीनं केलं. घड्या तेवढ्या घातल्या नाहीत. घालवेनातच. कागदावर घडी दिसली की ज्याचा हात पट्टीकडे जातो, असा या कार्यालयात एकच माणूस आहे.”

सगळ्या माना वळल्या. हेडक्लार्कच्या हातात पट्टी होती. त्यानं ती हळूच खाली ठेवली.

“हा पुरावा झाला, बाई?” त्याचा आवाज अजून गोडच होता.

“नाही. पुरावा तुम्हीच लिहून ठेवलाय. दुसरा कुणी असता तर हरकती जाळून मोकळा झाला असता. पण त्यांच्यावर आवक क्रमांक होता. नोंद झालेला कागद नष्ट करायला तुमचा हात धजत नाही, आणि नोंदीशिवाय हलवायला तर नाहीच.” त्यांनी वही सगळ्यांसमोर उलटी फिरवली. “शुक्रवार, संध्याकाळ. ‘जुनी हजेरीपत्रके, पाने दोनशे चौदा. कपाट सहा, तळचा कप्पा.’ अक्षर कुणाचं, ते ज्यानं त्यानं पाहावं.”

मामा सांगण्याआधीच गेले होते. ते परतले तेव्हा त्यांच्या कवेत फुगलेलं, वेडंवाकडं गाठोडं होतं. नाडी सोडताच कागद उसळून टेबलभर पसरले. तेलाचा डाग सगळ्यात आधी दिसला.

“का केलंत?” शिक्केबाईंनी विचारलं. “तुमच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली.”

हेडक्लार्कचं हसू गेलं. “महिन्यानं मी घरी बसणार. घरी मला कोण विचारतं? नवं दालन झालं असतं, तर ते लावायला तीन वर्षांची मुदतवाढ होती. तीन वर्षं, बाई.”

“मुदतवाढ कुणी कबूल केली होती?” शिंप्यानं विचारलं.

हेडक्लार्कनं साहेबांकडे पाहिलं, आणि मग साऱ्या खोलीनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन उघडलं. ‘हरकती दोनशे चौदा. प्रस्ताव फेरविचारार्थ परत.’ शिंपी खांद्यावरून वाकून शब्दन्‌शब्द मोठ्यानं वाचत होता.

नणंदेनं आपला आठ घड्यांचा कागद शोधून छातीशी धरला होता. माफी तिला मागता आली नाही.

“दादाला मी सांगते,” ती एवढंच म्हणाली. “अंगडं मात्र पिवळं नको, वहिनी.”

गठ्ठा पुन्हा बांधून शिंप्यानं उचलला. मामांनी बोलावलेले पोलीस जिन्यात पोचले होते. तेवढ्यात हेडक्लार्कनं वही स्वतःकडे ओढली, नवी ओळ आखली आणि पेन पुढे केलं.

“रेकॉर्डमधून काढलाय,” तो खालमानेनं म्हणाला. “कुणाच्या ताब्यात दिला, ते लिहून सही करा.”

शिंप्यानं शिक्केबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

‘वस्तीच्या ताब्यात,’ त्यानं लिहिलं, आणि सहीसाठी पेन मागच्या माणसाकडे दिलं. त्यानं त्याच्या मागच्याकडे. पान भरलं, तेव्हा हेडक्लार्कनं मुकाट्यानं पुढचं उलटून दिलं.