चढावरची किणकिण

ती गाडी आमच्या गॅरेजच्या दारात पहिल्यांदा आली, ती ढकलत. दोघांपुरती, बिनछपराची, गर्द हिरवी, माझ्याहून वयाने मोठी. भुरभुर पाऊस पडत होता आणि ढकलणारा माणूस पार निथळत होता.

"मेकॅनिक आहेत का?"

"समोर उभी आहे."

तो ओशाळला, मग हसला... इतके नीट दात मी आयुष्यात पाहिले नव्हते. बोलता बोलता कळलं, स्वारी दातांचीच डॉक्टर होती.

गाडी त्याच्या वडिलांची, तरुणपणी शर्यतीत पळवलेली. इंजिनात ठिणगी जरा लवकर पडत होती आणि चढावर ते बंद पडलं होतं, एवढंच दुखणं. इंजिन कसंबसं चालू करून मी टायमिंग लाइटचा लुकलुकता झोत पुलीवरच्या खुणेवर धरला, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, खूण जागेवर आणली आणि नट आवळला. तो वाकून बघत होता. इंजिनाकडे कमी, माझ्याकडे जास्त.

"दुखलं नाही ना तिला?"

"तुमच्या पेशंटांइतकं नाही."

आठवड्याभरात गाडी पुन्हा दारात. चढावर किणकिण – डब्यात खिळे हलवल्यासारखी. ठिणगी पुन्हा लवकर! मी पुन्हा टायमिंग लावलं. काही दिवसांनी परत तेच. आता मामांचं डोकं फिरलं. गॅरेज मामांचं, आणि इंजिनाला हात लावू द्यावा म्हणून मी किती दिवस त्यांच्या मागे लागले होते, ते माझं मला ठाऊक.

"साधं टायमिंग टिकत नाही तुझ्या हातचं," मामा म्हणाले. "ही गाडी पुन्हा आली, तर पाना खाली ठेवायचा आणि काउंटरवर बसायचं. कळलं?"

मला रडू यायचंच बाकी होतं. पण मामांनीच शिकवलेली एक रीत आठवली. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची रेघ ओढायची, नट हलला की रेघ तुटते. रंग शोधायला वेळ कुणाला होता! मी पर्समधलं नेलपॉलिश काढलं आणि रेघ ओढली.

गाडी चौथ्यांदा आली तेव्हा मामा बाहेर गेले होते, हे माझं नशीब. मी बॉनेट उघडलं. रेघ मधोमध तुटलेली.

म्हणजे माझा हात चुकत नव्हता! आनंदाने उडी मारावी की समोरच्या दातवाल्याला झोडपावं, हेच कळेना.

"हा नट तुम्ही सैल करता," मी म्हणाले.

"मी?"

"इथे यायला निमित्त हवं म्हणून. समजत नाही का मला? पण तुमचा खेळ होतो आणि माझं काम जातं!"

त्याचं हसू मावळलं. "निमित्त हवं होतं, हे खरं आहे. पण त्यासाठी तुमचं नुकसान करीन मी? अहो, हा नट आहे हेसुद्धा मला आत्ता कळतंय."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणूनच तर भीती वाटत होती.

"मग घरी गाडीला हात कोण लावतं?"

तो थबकला. "बाबा..."

थोड्याच वेळात तो वडिलांना घेऊन आला. पांढऱ्या मिशा, ताठ कणा, आवाज खणखणीत.

"पोरी, काम छान करतेस तू. पण गाडी मरगळते गं! मग मी घरी जरा कानाने लावून घेतो."

मी त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी थेट गॅरेजमागच्या चढावर घातली. किणकिण सुरू झाली.

"ऐकू येतंय, काका?"

"काय?"

"किणकिण!"

"कुठे? झकास चाललीय की!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठिणगी आणखी लवकर पाडत गेलं की इंजिनाला जोर चढल्यासारखा वाटतो आणि किणकिण झाली की थांबायचं असतं. वयामुळे काकांना तो बारीक आवाज येतच नव्हता, म्हणून ते थांबतच नव्हते. मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं काम मी बिघडवत होतो?"

"हो, काका."

"चल. तुझ्या मामांना मीच सांगतो."

आम्ही परतलो तेव्हा मामा दारातच उभे होते. काकांनी त्यांना सांगितलं ते अख्ख्या गॅरेजने ऐकलं. मामांनी तुटलेली रेघ पाहिली, डोकं खाजवलं आणि पाना माझ्या हातात दिला.

"घे, लाव टायमिंग. या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की उगाचच हसू यायला लागलं. काका गाडीत जाऊन बसले आणि दातवाल्याने माझ्यासाठी लाइट धरला. खूण जागेवर आली. इंजिन शांत, एकसारखं चालू लागलं.

"आता नाही बिघडायची," मी म्हणाले.

"तीच तर पंचाईत आहे." तो माझ्या कानाशी वाकला. "गाडी बिघडली की मला बरं वाटायचं. तुम्ही... मला तुम्ही फार आवडता."

"काय म्हणालास रे?" काकांनी सीटवरून विचारलं.

"काही नाही, बाबा!"

"अरे, मोठ्याने बोल! आत्ताच कळलंय ना, मला बारीक ऐकू येत नाही!"

मी इंजिन बंद केलं. गॅरेज चिडीचूप. मामासुद्धा मान वर करून बघत होते. तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हटलं, मला या आवडतात!" तो ओरडला.

"एवढंच होय? ते मला केव्हाचं दिसतंय. तिचं काय, ते विचार!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात पुसले आणि काकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मलाही!"