उजळ लिव्हर

राहील विश्रामबागेतल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात आला तेव्हाच आम्रपाली बनसोडेनं नाक मुरडलं. माणूस पारखायला तिला वेळ लागत नसे आणि पसंत सहसा कुणी पडत नसे. तिचा जोडीदार बाळासो मात्र येईल त्याला खुर्ची देई.

मिरजेच्या नूरीनशी राहीलचं लग्न ठरलं होतं. तिला थॅलॅसेमिया. सारखं रक्त भरावं लागे, त्यातलं लोह लिव्हरमध्ये साठे, ते उतरवायला रोज रात्री पोटाला औषधाची सुई लावावी लागे. लोह उतरल्याशिवाय निकाह नाही, असं राहीलनं बजावलं होतं. पुण्याला एमआरआय झाला, लिव्हर साफ निघालं, डॉक्टरांनी सुई बंद केली. आता मात्र अंगात लोह साठल्यावर होतं तशी पोरगी दिवसेंदिवस काळवंडत चालली होती.

"डाक्टरनं फिल्म बदलली. खराब माल गळ्यात बांधत्यात माझ्या," तो म्हणाला.

दोघं मिरजेला गेले तेव्हा डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. डाव्या कुशीतली पानथरी, म्हणजे प्लीहा, दाखवली, मग लिव्हर. लोह असतं तर काळं दिसलं असतं, हे उजळ होतं. नावही नूरीनचंच होतं. बाळासोला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

तिथून ते नूरीनच्या घरी गेले. तिचे वडील वजीर तंबोऱ्याचा भोपळा घासत होते. "ल्हानपणीच पानथरी काढली तिची. लय सोसलं पोरीनं. पुण्याला दोघी भैनीच गेल्या, मला काम सुटंना."

चुलतबहीण साबेरा चहा घेऊन आली. तिच्या नाकात चमकीच्या जागी कडुलिंबाची काडी होती. चमकीची फिरकी जाम झालेली, पुण्याला जाण्याआधी सोनारानं कापून काढली, भोक बुजू नये म्हणून काडी, असं ती म्हणाली.

आम्रपालीनं राहीलला आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांना तिथंच बसवलं.

"काढलेली पानथरी पुन्हा उगवत नाही, डॉक्टर. तुम्ही तर तिच्यावर बोट ठेवलंत. अंगावरचा धातू उतरवावा लागतो तो यंत्रात झोपणाऱ्याला. सोबतीला गेलेल्या साबेरानं चमकी का कापली?"

साबेरा रडायला लागली. "माझ्या जागी मीच झोपवलं तिला," दारातून नूरीन म्हणाली.

"म्हंजे मला फसवलं," राहील उठला.

"बाजारात बैलाचे दात बघतात, तू लिव्हर बघायला निघालास," आम्रपाली म्हणाली. "अट तुझी. सुई बंद पडली ती तुझ्यापायी. बस खाली."

डॉक्टर खालमानेनं म्हणाले, आज रात्रीपासून सुई सुरू करू, एमआरआय पुन्हा काढू.

नूरीननं मंगनीची अंगठी काढून राहीलच्या हातावर ठेवली.

"खरा फोटो काढायचाय आता," ती म्हणाली. "आत धातू चालत न्हाई."