एकशे सात उल्लेख

संगणकाने बाईंच्या नावापुढे शून्य दाखवलं आणि माझं डोकं फिरलं.

मी विद्यापीठाचा ग्रंथपाल. कुणाच्या संशोधनाचा किती प्रभाव पडला, हे मोजून देणं माझ्याकडे. म्हणजे इतरांनी आपल्या लिखाणात त्याचा किती वेळा उल्लेख केला, ते मोजायचं. बाई आर्थिक विचारांचा इतिहास शिकवायच्या. मलाही त्यांनीच शिकवलं. १९८४ साली त्यांनी सोळा पानांचा लेख लिहिला, एका गाजलेल्या जुन्या पंडिताची चूक दाखवणारा. त्या लेखाच्या जोरावर त्यांचा विभाग उभा राहिला. आता समिती म्हणत होती, लेखाचे शंभर उल्लेख दाखवा, नाहीतर विभागाला कुलूप.

"शून्य तर शून्य," बाई म्हणाल्या. "तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

"बाई, आपल्या भाषेतली पुस्तकं-नियतकालिकं त्या संगणकाच्या गावीही नाहीत. मी हाताने मोजतो."

दोन महिने मी कपाटामागून कपाट उपसलं. पुस्तकाच्या तळटीपा, शेवटची संदर्भसूची, एका उल्लेखाला एक कार्ड. धुळीने शिंकून शिंकून बेजार झालो. बाईंनी स्वतःच आपल्या लेखाचे केलेले उल्लेख मी नियमाप्रमाणे उडवले. एवढं करून एकसष्ट. तोवर सगळी कपाटं संपली.

मग, खात्री करावी म्हणून पहिल्या कपाटापासून पुन्हा सुरुवात केली, तर बासष्टावा सापडला. पुस्तक १९६२ सालचं.

म्हटलं, छपाईचा घोळ असेल. नोंदवही काढली. पुस्तक १९६३ मध्ये ग्रंथालयात आलेलं, समोर माझ्या आधीच्या ग्रंथपालांची सही. दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयात फोन लावला. तिथल्या ग्रंथपालबाईंनी त्यांची प्रत शोधून तळटीप वाचून दाखवली.

"लेखाचं नाव बरोबर आहे. साल १९८४." त्यांनी पुस्तकाचं प्रकाशनवर्ष पाहिलं. "अहो, हे कसं काय?"

"मलाच विचारताय?" मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर उल्लेख भराभर सापडू लागले. १९५५. १९४९. पहिल्या आठवड्यात मी स्वतः चाळलेली पुस्तकं ही! तेव्हा त्यांत काही नव्हतं, शपथेवर सांगतो. आता तळटीप होती, जुन्या ठशांत, आसपासच्या ओळींइतकीच पिवळी पडलेली.

पुस्तकं बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या बराच वेळ वाचत बसल्या. घाबरतील असं वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं वाटायचं, कुणी वाचत नाही रे मला," त्या म्हणाल्या. "आणि बघ, हे म्हातारे वाचत होते!"

मोजायचं की नाही? नियम सांगतो, उल्लेख छापील हवा आणि पडताळता यायला हवा. दोन्ही होतं. मी मोजलं. खोटं कशाला बोलू, मोजताना आनंदच होत होता.

शंभरावा उल्लेख खुद्द त्या पंडिताच्या पुस्तकात निघाला. साल १९३८. प्रस्तावनेत लिहिलं होतं: 'या ग्रंथात माझ्या हातून एक मोठी चूक होणार होती. एका विदुषीच्या लेखामुळे ती टळली. मी त्यांचा आभारी आहे.' खाली बाईंचं नाव.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी कार्ड केलं.

समितीपुढे एकशे सात कार्डं ठेवली. सालं कुणीच पाहिली नाहीत. अध्यक्षांनी गठ्ठा हातात तोलला आणि म्हणाले, "कमाल आहे! विभाग राहील. वर दोन जागाही देऊ."

मी तिथेच जोरात टाळी वाजवली. लोक बघत राहिले, बघू देत.

आठ दिवसांनी सत्कार झाला. सभागृह खचाखच भरलं होतं. जुने विद्यार्थी उभे राहून टाळ्या वाजवत होते, थांबायचं नाव नाही. बाई हसत होत्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"आता बोलायला उठावं लागेल. जरा आठवण करून दे. त्या पंडिताचं चुकलं काय होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

त्यांच्या वर्गात दोन वर्षं बसलो होतो. तो लेख मला तोंडपाठ होता. पण जी चूक कधी झालीच नाही, ती आता आठवणार कुठून?

"अरे, सांग ना," बाई हसतच म्हणाल्या.

टाळ्या आता विरत चालल्या होत्या. मी आणखी जोरात वाजवू लागलो.