खंदकातली ओटी

साल छपन्न, वैशाखातली दुपार. निघोज्याच्या माळावरल्या गढीच्या खंदकात आडवा चर खणला होता आणि ज्योतीराम तळाशी बसून पावलं मोजत होता. अनवाणी बाईची पाच पावलं. दोन पुरुष खोल, काळ्या गाळात रुतलेली. गढीकडून निघालेली आणि खंदकाच्या मध्यावर थांबलेली. परतीचं एकही नव्हतं.

कॉलेज अर्धवट सोडलेल्या ज्योतीरामलाही एवढं कळत होतं, की चिखलातली पावलं अशी टिकत नाहीत. ती ताजी असतानाच वर पाणी चढलं असणार, गाळ बसला असणार. वर येऊन त्याने ते उत्खननाच्या साहेबांना, उद्धवरावांना सांगितलं.

"तू नकाशा काढ," पुण्याचे विद्वान म्हणाले. "गोष्टी रचू नकोस."

दत्तोबा पाटील शेजारी तंबाखू मळत होते. गढी त्यांच्याच पूर्वजांची. "खरं हाय त्याचं, साहेब. खंदकात ओढ्याचं पाणी सोडायच्या आदी घरची सून खाली उतरून ओटी भरायची. त्या साली ती वर यायच्या आत ओढ्याच्या पाण्याचं दार उचललं."

"कोणी उचललं?" ज्योतीरामने विचारलं.

"घरच्यांनीच. घाई झाली आसंल."

चारशे वर्षं उलटली, तरी म्हातारा त्याला घाईच म्हणत होता.

पावलं दिसल्यापासून मजुरांनी कुदळी टाकल्या होत्या. पाटलांनीच तोड काढली. दर साली आम्ही काठावरून ओटी वाहतो, पण तुम्ही तिच्यापर्यंत खणलंत, आता सवाष्ण खाली गेली पाहिजे. उद्धवरावांना आठ दिवसांत काम उरकायचं होतं, त्यांनी मान डोलावली. गावात सुनांचा काही दुष्काळ नव्हता. पण पाटलांचं बोट नेमकं रंभाकडे वळलं. बीडकडून आलेली, मातीच्या पाट्या वाहणारी. नवरा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर. हिचं बरंवाईट झालं तर दारात येऊन जाब विचारणारं कुणी नाही.

ज्योतीरामला सगळं दिसत होतं. तोंड उघडलं तर नोकरी जाईल, हेही दिसत होतं. त्याने शिडी धरली.

"दादा, सोडू नगा बरं का," रंभा हसत म्हणाली. "न्हाईतर मलाबी नकाशात काढाल."

चराच्या मध्ये, थर दिसावेत म्हणून, मातीची एक भिंत न खणता राखली होती. पावलं तिच्या पलीकडे. रंभा भिंतीआड गेली. थोडा वेळ बांगड्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. रखरखीत उन्हात खालून ओल्या चिखलाचा वास येऊ लागला. थंड, कुजका... आणि मग रंभाचा आवाज. हळू, थांबत थांबत. कुणी विचारावं आणि तिने सांगावं तसा.

"कोणाशी बोलतेय ती?" उद्धवराव पुटपुटले.

"रंभा..." ज्योतीरामने शिडीवर पाय ठेवला. साहेबांनी त्याचा खांदा धरला.

"विधी पुरा होऊ दे."

आणि तो थांबला. बावीस वर्षांचा धडधाकट माणूस, एका हाताने थांबला.

बऱ्याच वेळाने रंभा वर आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"ठेवलीस ना ओटी?" पाटलांनी विचारलं.

"ठिवायची येळच आली न्हाई. तिनं पदर पसरला."

पाटलांच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली.

"लई गुणाची बाई हाय," रंभा साडी पिळत म्हणाली. "म्हनली, तू जा घरला. निस्तं एवढंच इचारलं... तुला खाली कुनी धाडलं, 'हो' कुनी म्हनलं, शिडी कुनी धरली."

"मग?" ज्योतीरामने विचारलं.

"मग काय. नावं सांगितली."

ती पाटी उचलून माळावरून चालू लागली. एकदाही मागे न बघता.

पाटलांना ठसका लागला. थांबेना. पटक्याच्या शेवाने त्यांनी तोंड पुसलं, तर शेव काळ्या गाळाने माखला. उद्धवराव काही बोलायला गेले आणि खोकू लागले.

ज्योतीरामने आवंढा गिळला. दातांखाली काहीतरी कचकचलं. ओलं होतं.