वगैरे

ओसरी ही संगणकप्रणाली कुणा एकाच्या मालकीची नव्हती. दवाखान्यांतली, घरांतली, माणसांच्या अंगात बसवलेली यंत्रेही तीच चालवी. तिची एक ओळही आता माणूस लिहीत नसे. माणसे लिहीत ती फक्त माहितीपुस्तिका, आणि ती वाचून ओसरी रोज पहाटे स्वतःला नव्याने घडवी. या पद्धतीला ‘शब्दाधार’ म्हणत. पुस्तिकेत जे आहे तेवढेच यंत्रात असणार.

ही पुस्तिका नीटनेटकी करायचे काम मृण्मयी खानझोडेने हौसेने अंगावर घेतले होते आणि आता तिला त्या पुस्तिकेचीच शिसारी आली होती. जगभरच्या हौशी मंडळींनी नुसता उकिरडा करून ठेवला होता. एकच गोष्ट सात ठिकाणी, सात तऱ्हांनी. ‘चला तर मग, सुरुवात करूया!’ असली लाडीगोडी. आणि जिथे तिथे ‘वगैरे’. पुढचे लिहायचा कंटाळा आला की द्यायचे वगैरे ठोकून आणि जायचे चहाला!

"कोणाले शिव्या देऊन राहिली वं?" आईने विचारले. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर इंदुताईंचा आवाज गळ्यात बसवलेल्या चकतीतून येई. जरा घोगरा, पण वऱ्हाडी ठसका शाबूत.

"हे बघ ना. ‘कृत्रिम हात, श्रवणयंत्रे वगैरे’. वगैरे म्हणजे काय, माझं कपाळ?"

"म्हणजे बाकीचे. लग्नाच्या पत्रिकेत ‘समस्त परिवार’ नाई का छापत? ज्यायचं नाव राह्यलं, ते त्यात येते."

"यंत्राला परिवार कळत नाही, आई. असला मोघम शब्द दिसला की ते अंदाज बांधत बसतं."

"मंग बांधू दे की. तुह्या बापानं जलमभर दुसरं काय केलं?"

मृण्मयी हसली नाही. तिने नियमच लिहिला: अंदाज बांधू नये, ज्याचे पुस्तिकेत नाव नाही, ते यंत्र अस्तित्वात नाही. मग सगळे वगैरे पुसून टाकले. मोरी घासून लख्ख केल्यासारखे तिला हलके वाटले. सहकाऱ्यांनी वाहवाही केली.

सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तोंड हलत होते आणि आवाज नव्हता.

मृण्मयीने शब्दाधाराचे जनक डॉ. हुद्दार यांना फोन लावला. "आईची चकती कुठल्या पानावर होती?"

"कुठल्याच नाही. बनवणारे केव्हाच धंदा बंद करून गेले. त्या ‘वगैरे’च्या आधाराने ओसरी अंदाज बांधत तुमच्या आईच्या घशाशी जुळवून घेत होती."

"मग शब्द परत टाका ना!"

"शब्द टाकता येईल. शिकलेलं यंत्राबरोबरच पुसलं गेलं, ते कुठून आणायचं? सुरुवातीला त्यांचा स्वतःचा आवाज थोडा उरला होता, तो ऐकून ती शिकली. आता काय ऐकणार?"

"अशी आणखी किती माणसं असतील?"

"वगैरेत? ते कुणी मोजलंच नव्हतं."

आईने तोवर ओसरीच्या मदतखिडकीत लिहिले होते, ‘गळ्यातली चकती बोलत नाही.’ खाली उत्तर आले: ‘असे यंत्र अस्तित्वात नाही.’

छोटे, सुबक वाक्य. मृण्मयीचेच.

आईने ते वाचले, लेकीकडे पाहिले आणि ओठ हलवले. ती काय म्हणाली, याचा मृण्मयीला अंदाजच बांधावा लागला.